एका घटनेचे दोन धनी

जनतेने थेट एक खंबीर माणूस निवडावा, म्हणजे संसदेतला गोंधळ मिटेल, ही सूचना आपल्या देशात अधूनमधून डोके वर काढते. आपल्या मंडळींतही तिचे चाहते कमी नाहीत. त्यांनी फ्रान्सच्या दुसऱ्या प्रजासत्ताकाची हकिकत एकदा नजरेखालून घालावी, अशी आमची विनंती आहे.

फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसच्या उठावाने राजा लुई-फिलिप पळाला. नव्या राजवटीने एकवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला मत दिले. (स्त्रियांची आठवण क्रांतिकारकांनाही झाली नाही.) त्याच एप्रिलमध्ये वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. आरंभ असा उदार होता.

नोव्हेंबरात संमत झालेल्या घटनेने मात्र एका घरात दोन धनी बसवले. ७५० सभासदांचे एकच सभागृह, मुदत तीन वर्षे. शेजारी राष्ट्राध्यक्ष, मुदत चार वर्षे, लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहण्यास बंदी. दोघेही जनतेनेच निवडलेले. अध्यक्षाला सभागृह बरखास्त करता येत नव्हते, आणि सभागृहाला खटल्याखेरीज अध्यक्ष हटवता येत नव्हता. भांडण लागले तर तोडगा काढणारी जागाच नव्हती. सैन्य नि नोकरशाही अध्यक्षाच्या हाती.

ज्यूल ग्रेव्ही नावाच्या वकील सभासदाने हा धोका ओळखला होता. कारभाराचा प्रमुख सभागृहाने निवडावा आणि त्यानेच केव्हाही काढावा, अशी त्याची दुरुस्ती होती. ती प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. थेट निवडणुकीची बाजू कविराज लामार्तीन यांनी रंगवून मांडली. डिसेंबरात तेही उभे राहिले आणि त्यांना वीस हजार मतेही पडली नाहीत! नेपोलियनचा पुतण्या लुई-नेपोलियन याला चोपन्न लाखांच्या वर पडली. नाव पुरेसे होते.

सभागृहाने स्वतःची मुळेही स्वतःच तोडली. ३१ मे १८५० च्या कायद्याने मतदाराला एकाच ठिकाणी तीन वर्षांच्या सलग वास्तव्याची अट घातली. पुरावा म्हणून कराच्या यादीतील नाव, नाहीतर मालकाचा दाखला. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्यांनी तो आणावा कुठून? सुमारे तीस लाख नावे गळाली. पिढ्यान् पिढ्या एका जागी राहूनही रहिवासाच्या दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या आमच्या वाचकांना या कायद्याचा हेतू वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे अध्यक्षाला मुदत वाढवून हवी होती. घटनादुरुस्तीला तीन-चतुर्थांश मते लागत. जुलै १८५१ मध्ये ४४६ विरुद्ध २७८ अशी पडली, म्हणजे बहुमत असूनही अपुरी. मग २ डिसेंबरच्या पहाटे सेनापती नि सभासद अंथरुणातून उचलले गेले आणि भिंतींवर जाहीरनामे लागले : सभागृह बरखास्त, ३१ मे चा कायदा रद्द, सर्वांचे मत परत. ज्यांचे मत सभागृहाने काढले, त्यांना ते सभागृह मोडणाऱ्याने परत दिले!

घटनेच्या ६८ व्या कलमात यावर उपाय लिहिलेला होता. सभागृह मोडणारा अध्यक्ष देशद्रोही, त्याचे पद आपोआप गेले, उच्च न्यायालयाने तत्काळ बसावे. न्यायाधीश खरोखरच बसले. पोलिसांनी येऊन त्यांना उठवले. दोनशेवर सभासदांनी एका नगर कचेरीत जमून अध्यक्षाला पदच्युत केले. त्यांची रवानगी तुरुंगात झाली. दक्षिणेकडील काही खेडी हत्यारे घेऊन उठली, पण जून १८४८ मध्ये याच प्रजासत्ताकाच्या तोफा सोसलेले पॅरिसचे कामगार बहुतांशी घरीच राहिले. वर्षभरात पुतण्या सम्राट झाला.

आपल्या घटनाकारांनी पंतप्रधानाला लोकसभेपुढे उत्तरदायी ठेवले, अविश्वासाच्या एका ठरावाने घरी पाठवण्याची सोय केली. थेट निवडणुकीच्या पुरस्कर्त्यांनी आधी सांगावे, की त्यांच्या योजनेत ही सोय कुठे आहे?

ग्रेव्ही यांना १८७९ मध्ये फ्रान्सच्या संसदेने राष्ट्राध्यक्ष निवडले. राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध आपण कधी झगडणार नाही, असे त्यांनी सभागृहांना प्रथमच कळवून टाकले.