पेहरावसंहिता आणि निवडक शिस्त

महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी मंत्रालयातील व इतर शासकीय कार्यालयांतील पेहरावाविषयी परिपत्रक काढले. महिलांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, अथवा ट्राउझरवर कुर्ता वा शर्ट घालावा आणि आवश्यक असल्यास दुपट्टा घ्यावा. पुरुषांनी शर्ट-पँट घालावी. गडद रंगांचे चित्रविचित्र नक्षीकाम असलेले कपडे, जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर वापरू नयेत. शुक्रवारी खादी घालावी, असा त्याचा आशय होता. कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागारही त्याच्या कक्षेत होते. मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी उठली, टी-शर्टवरची राहिली. डिसेंबरात शासनाची प्रतिमा बिघडवणारा कपडा मार्चमध्ये निर्दोष ठरला!

अशा नियमांवरची चर्चा बहुधा जीन्स सभ्य की असभ्य यापाशीच घोटाळते. त्याहून कळीचा मुद्दा अंमलबजावणीचा आहे. एकाच कपड्यासाठी लिपिकाला समज मिळते, उपसचिवाला मिळत नाही. कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरला दारातून परत पाठवले जाते, सल्लागार मात्र टी-शर्टवर बैठकीला बसतो. असा भेद जिथे चालतो, तिथे त्याच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद पुढे येतात.

पहिला प्रतिमेचा. कार्यालयात येणारा नागरिक कर्मचाऱ्याच्या वेशावरून शासनाविषयी मत बनवतो, असे म्हटले जाते. हे मान्य केले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष समर्थकांना परवडणारा नाही. प्रतिमा जपायची असेल तर वरच्या खुर्चीवर नियम अधिक कडक हवा, कारण नागरिकाचे काम अडते किंवा सुटते ते तिथेच. शिवाय सातबाऱ्यासाठी तिसऱ्यांदा खेटा घालणाऱ्याच्या मनातली प्रतिमा तलाठ्याच्या इस्त्रीने सुधारत नाही.

दुसरा युक्तिवाद खातेप्रमुखाच्या तारतम्याचा. सगळ्यांना एकच मापदंड लावता येत नाही. पावसाळ्यात क्षेत्रीय पाहणीला जाणाऱ्या अभियंत्याला आणि आस्थापना शाखेत बसणाऱ्याला एकच पादत्राण कसे चालेल, अशी विचारणा होते. ती रास्त आहे. पण अशी सवलत कामामुळे मिळते, त्यामुळे ती आधीच लिहून ठेवता येते. तारतम्याची गरज भासते ती नियमाची भाषाच सैल असल्यामुळे. ‘चित्रविचित्र’ नक्षी कोणती? दुपट्टा ‘आवश्यक’ केव्हा, आणि ते ठरवणार कोण? पुरुषांच्या वाट्याला दोन नामे आली, महिलांच्या वाट्याला एक लांबलचक यादी आणि तिच्या शेवटी एक मोघम अट. मोघमपणाचा भार सारखा पडत नाही, कारण टीका करण्याची मुभा पुरुषाच्या शर्टापेक्षा स्त्रीच्या कुर्त्याबाबत अधिक घेतली जाते. त्यातही बहुतेक कारवाई तोंडी होते. चार लोकांसमोर शेरा मारला जातो, मेमो निघत नाही, म्हणून खुलासा द्यायचा तरी कशाला हेही कळत नाही. लेखी नोंद नसलेली शिस्त तपासता येत नाही आणि तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

तिसरा युक्तिवाद कायद्याच्या अंगाने येतो आणि तोच वजनदार आहे. इतर सुटले हा बचाव होऊ शकत नाही; एकाला बेकायदा लाभ मिळाला म्हणून दुसऱ्याला तो अनुच्छेद १४ खाली मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तत्त्व बरोबर आहे, पण ते लाभाच्या मागणीविषयी आहे. शिक्षेचा प्रश्न येतो तेव्हा त्याच न्यायालयाने राजेंद्र यादव विरुद्ध मध्य प्रदेश (२०१३) या प्रकरणात, एकाच गैरवर्तनात सहभागी असलेल्या कर्मचाऱ्यांमध्ये दोष सिद्ध झाल्यावरही समानतेने वागले पाहिजे, असे मानले. पेहरावाची प्रकरणे तंतोतंत तशी नसतील. तरीही ‘तू तुझ्यापुरते पाहा’ हे उत्तर पुरे पडत नाही, एवढे त्यावरून दिसते.

संहिता अजिबात नको, हे दुसरे टोकही टिकत नाही. शिपाई, वाहनचालक, परिचारिका, तिकीट तपासनीस यांचा गणवेश माणूस ओळखू यावा म्हणून असतो. प्रयोगशाळेतला कोट अंगाचे रक्षण करतो. अशा नियमांवर भांडण क्वचितच होते. गणवेशाबरोबर कापड किंवा धुलाई भत्ता देण्याची जुनी रीतही त्यामागे आहे: सक्ती करणाऱ्याने खर्च उचलायचा.

सक्ती करणाऱ्याने आधी नियम दाखवायचा, ही त्याचीच पुढची पायरी. २०२२ मध्ये पाटणा उच्च न्यायालयात पांढऱ्या शर्टात, कोटाविना हजर झालेल्या सनदी अधिकाऱ्याला न्यायमूर्तींनी फैलावर घेतले. उन्हाळ्यात कोट घालावा असा नियम नाही, हे त्याचे उत्तर. पुढे ३ जानेवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांना पाचारण करण्याची कार्यपद्धती घालून दिली. अधिकाऱ्याच्या कार्यालयाला विहित पेहराव असेल आणि त्याचा भंग झाला असेल, तरच त्याच्या कपड्यांवर शेरा मारावा, असे त्यात आहे. उच्चपदस्थाला मिळालेले हे संरक्षण लिपिकाला नाकारण्याचे कारण सापडत नाही.

त्या कसोटीवर संहिता आखायची तर विशेषणे गाळून कपड्यांची नावे लिहावी लागतील, स्त्री-पुरुषांसाठी सारख्याच तपशिलात. क्षेत्रीय काम, गरोदरपण, दुखापत, धार्मिक प्रघात यांच्या सवलती त्यातच याव्यात. पहिल्या भंगाला लेखी समज, दुसऱ्याला खुलासा, आणि दोन्हींच्या नोंदवहीत संवर्गाचा रकाना हवा. वर्षअखेरीस सगळ्या नोंदी एकाच संवर्गाच्या निघाल्या, तर दोष कपड्यांत शोधण्याऐवजी तपासणाऱ्यात शोधता येईल. राहिला खर्चाचा भाग. परिपत्रकाने कंत्राटी माणसाला कायम कर्मचाऱ्याच्या रांगेत बसवले असेल, तर नियमाने ठरवलेल्या कपड्यांच्या खर्चाची तरतूद त्याच्या करारात मानधनाबरोबर नमूद व्हायला हवी.