चव चाखली, पण ओळख झाली का?

युनेस्कोने २०१९ साली हैदराबादला खाद्यसंस्कृतीचं सृजनशील शहर म्हणून मान्यता दिली. आज चारमिनारच्या आसपास गेलात तर फूड वॉकचा एखादा तरी घोळका हमखास दिसतो. पुढे गाइड, मागे दहा-बारा माणसं. तीन तासांत सात-आठ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी दोन घास, एक फोटो, आणि चला पुढे. यंदा आपल्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत, त्यांनाही असाच एक वॉक घडवावा असं बोलणं चालू आहे. कल्पनेला माझा विरोध नाही. खाण्याला तर मुळीच नाही! पण तो वॉक तयार पॅकेजसारखा विकत घेऊ नये, आपण स्वतः करावा, आणि वेगळ्या पद्धतीने करावा, असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगते.

थोडं लांबून सुरुवात करते. आर्मेनियापासून. त्या देशात आता चवींच्या टूर जोरात आहेत. आपल्याकडची कितीतरी मुलं येरेवानला डॉक्टरी शिकायला जातात, त्यामुळे तिथले रील आपल्याही मोबाइलवर येऊन पडतात. जमिनीत पुरलेला ‘तोनिर’, म्हणजे आपल्या तंदूरचाच भाऊ. त्याच्या आतल्या भिंतीवर बायका पातळ लवाश थापतात. त्या लवाशची परंपरा २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेली. आरेनी गावाजवळच्या गुहेत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची वाइन करण्याची जागा सापडली, म्हणून तिथे वाइन चाखायला बस जातात. सगळं छानच आहे. पण त्या जेवणातला एक पदार्थ असा आहे, की तो दोन घासांत कळूच शकत नाही. त्याचं नाव हरिसा.

हरिसा म्हणजे सडलेले गहू आणि मांस, मंद आचेवर तासन् तास शिजवून एकजीव केलेलं. दिसायला साधं, रंगाने फिकट, फोटोत मुळीच न शोभणारं. त्याची एक दंतकथा आहे. आर्मेनियात ख्रिस्ती धर्म नेणारे संत ग्रेगरी गोरगरिबांना जेवू घालत होते. मांस कमी पडलं म्हणून कढईत गहू टाकले, ते तळाला लागू लागले, तेव्हा संत म्हणाले, “हारेक!” म्हणजे ढवळा. त्यावरून हरिसा. भाषेचे अभ्यासक मात्र हे नाव अरबी ‘हरस’ म्हणजे कुटणे या धातूकडे नेतात. मला दोन्ही आवडतात, कारण दोन्हींत पदार्थाचं नाव चवीवरून आलेलं नाही, कष्टावरून आलं आहे.

हा हरिसा दरवर्षी सप्टेंबरात मुसालेर या गावी मोठमोठ्या कढयांत रात्रभर शिजतो, ढोल-सनईच्या आवाजात. १९१५ साली, आर्मेनियन लोकांचा संहार चालू असताना, मुसा दाग डोंगरावर काही गावांनी आश्रय घेतला आणि ओटोमन फौजेला तोंड दिलं. शेवटी फ्रेंच जहाजांनी चार हजारांहून अधिक माणसांना वाचवून इजिप्तला नेलं. फ्रान्झ वेर्फेलची १९३३ ची कादंबरी याच घटनेवर आहे. त्या माणसांची आठवण म्हणून ती कढई चढते. आता सांगा, टूरमधल्या कागदी वाटीतल्या चार चमच्यांत यातलं काय येणार?

आता हैदराबादला परत येऊ, कारण हा पदार्थ आपल्या दारातच आहे. आपला हलीम हा त्याच घराण्यातला. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातले अरब होते. त्यांच्या बरॅकींवरून ज्या वस्तीचं नाव बारकस पडलं, तिथे आजही सकाळी न्याहारीला हरीस मिळतो, तिखटमिठाचाही आणि गोडाचाही. त्याच हरीसमध्ये शहराने डाळी, मसाले, तूप घातलं आणि त्याचा हैदराबादी हलीम झाला. २०१० साली त्याला जीआय मिळालं. रमजानमध्ये विटा-मातीच्या भट्टीवर देग चढते आणि लाकडी घोटन्याने माणसं ते तासन् तास घोटत राहतात.

‘घोटना’ हा शब्द जरा ऐका. आपण मराठीत पालेभाजी घोटतो, अक्षर घोटतो, औषध घोटतो. आणि सोलापूर-लातूरकडची गव्हाची खीर आठवा. काही ठिकाणी तिला हुग्गी म्हणतात. गहू भिजवायचे, सडायचे, शिजवायचे, गूळ घालायचा, जत्रेत मोठ्या कढईत घोटत बसायचं. मांस नाही, पण हात तोच आणि धीरही तोच. हलीमच्या भट्टीशी उभा असलेला मराठी माणूस परका पाहुणा नसतो, निदान त्याने नसावं.

इथे एक मोह होतो, आणि गाइड लोकांना तो फार होतो. उप्पुगुड्याला सतराव्या शतकातलं आर्मेनियन कब्रस्तान आहे. गोवळकोंड्याच्या काळात व्यापाराला आलेल्या आर्मेनियन लोकांच्या कबरी, त्यांच्या लिपीत कोरलेले दगड, शेजारी डच व्यापाऱ्यांच्याही कबरी. तिथून बारकस फार लांब नाही. मग काय, गोष्ट तयार! आर्मेनियन आले, हरिसा आणला, त्याचा हलीम झाला. ऐकायला झकास, पण पुरावा अरबांच्या बाजूने आहे. शेजारी असणं म्हणजे नातं असणं नव्हे. फूड वॉकमध्ये अशा गोष्टी सर्रास खपतात, कारण ऐकणाऱ्याच्या तोंडात घास असतो आणि प्रश्न विचारायला वेळ नसतो.

आणि प्रश्न साधे नसतात. ‘हा पदार्थ कुणाचा?’ यावर देशादेशांत भांडणं आहेत. तुर्कस्तानने २०११ साली ‘केश्केक’ युनेस्कोच्या यादीत नोंदवला, तेव्हा आर्मेनियन लोक म्हणाले, अहो, हा तर आमचा हरिसा! २०२३ साली हरीस अरब देशांच्या नावे नोंदवला गेला. मला वाटतं, गहू आणि मांस एकत्र शिजवणं ही कुणा एकाची मिरास नाही. पण कोणत्या दिवशी, कुणासाठी, कुणाच्या आठवणीत ते शिजतं, ते मात्र ज्याचं त्याचंच असतं. चव उचलून नेता येते, तो दिवस नेता येत नाही.

मी कॅथलिक आहे, त्यामुळे ‘दिवस’ ही गोष्ट मला जरा जास्त जाणवते. २०२६ मध्ये राखेचा बुधवार आणि रमजानची सुरुवात एकाच आठवड्यात आली. आमच्याकडे शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि बाहेर रस्त्यावर हलीमचा वास! आर्मेनियन चर्च तर उपवासात दूध-अंडीसुद्धा सोडतं. म्हणून त्यांच्याकडे ‘पसुत्स तोल्मा’ आहे: सात प्रकारची धान्यं-कडधान्यं कोबीच्या पानात गुंडाळून केलेला. टूरच्या यादीत मात्र बहुतेक वेळा मांसाचा तोल्मा पुढे असतो. उपवासाचं खाणं विकायला कठीण. (आपली एकादशी अपवाद म्हणा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ याची टूर काढली तर तुफान चालेल.)

आता जरा टोचणारी गोष्ट. टूर म्हणजे निवड. काय दाखवायचं नि काय झाकायचं, हे कुणीतरी ठरवतं. आपणही ठरवतो. या शहरातल्या कुठल्याही मराठी कार्यक्रमातला ‘मराठी पदार्थांचा स्टॉल’ बघा: पुरणपोळी, साबुदाणा खिचडी, थालीपीठ, कोथिंबीर वडी. उत्तम पदार्थ आहेत, मी दोनदा घेते. पण माझं घर मराठवाड्यातल्या कॅथलिक लोकांचं आहे. आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात आणि मिस्सेहून आल्यावर मटणाचा रस्सा नि ज्वारीची भाकरी. हे मराठी नाही का? वसईचे फुगे, मराठी मुसलमान घरातला मोहरमचा खिचडा, हे सगळं कुठल्या स्टॉलवर मांडायचं? एकदा मी विचारलं तर उत्तर मिळालं, “अगं, पण लोकांना ते मराठी वाटणार नाही.” लोकांना का वाटणार नाही, तर आपण कधी वाढलंच नाही म्हणून.

म्हणजे ज्या चुकीसाठी आपण गाइडला नावं ठेवतो, तीच चूक आपल्या मांडवात चालते. पाहुण्याला सोपं, देखणं आणि कुणी नाक मुरडणार नाही असं काहीतरी द्यायचं आणि त्यालाच ‘आमची संस्कृती’ म्हणायचं.

फूड वॉकच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यातून छोट्या दुकानदाराला गिऱ्हाईक मिळतं. ज्या मुलींना घरून ‘जुन्या शहरात एकटी जाऊ नको’ असं ऐकावं लागतं, त्या घोळक्याबरोबर निदान जातात तरी. आणि दोन घासांतून कुतूहल जागं होऊन माणूस पुन्हा परत आला, तर त्याहून चांगलं काय? पण परत येतो का, हाच प्रश्न आहे. यादीतल्या आठ नावांवर टिक झाली की बहुतेकांचं शहर संपतं.

म्हणून माझी सूचना. आपला वॉक आठ ठिकाणांचा नको, दोनचा असू दे. सकाळी लवकर बारकस, तिथे बसून पूर्ण न्याहारी. ज्यांना मांस चालत नाही, त्यांनी गोड हरीसची आधी नीट चौकशी करावी. तोही मांसाचाच असेल तर चहा घ्यावा आणि गप्पांना बसावं, चालेल. मग उप्पुगुड्याचं कब्रस्तान. तिथे खायचं काही नाही, आणि म्हणूनच जायचं. घरापासून हजारो कोस लांब मेलेल्या माणसांच्या भाषेतली अक्षरं बघायची, वाचता आली नाहीत तरी. हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या मराठी जपणाऱ्यांना ती अक्षरं काहीतरी सांगतील.

जाताना प्रत्येकाने वही न्यावी. भांड्याचं नाव, हत्याराचं नाव, किती तास, कुणाकडून शिकलात, हे विचारून लिहून घ्यावं. मोबाइल खिशात. दखनी आणि मराठी यांच्यातले असे शब्द जमले तर आपल्या अंकाचं एक पान आरामात भरेल.

आणि संध्याकाळी मंडळाची पंगत, प्रत्येकाच्या घरच्या एका पदार्थाची. पुरणपोळी हवीच. तिच्या शेजारी भाकरी-रस्सा, खिचडा, खीर, ज्याचं जे असेल ते. ज्याला जे चालत नाही ते त्याने घेऊ नये, पण ‘हे मराठी नाही’ असं मात्र कुणी म्हणू नये. पाहुण्यांना शहर दाखवायचं असेल तर आधी आपण एकमेकांच्या ताटात बघायला शिकू. मी रस्सा आणते. तुम्ही काय आणताय, ते कार्यकारिणीला याच आठवड्यात कळवा.