सात हजार वर्षांपूर्वीची समुद्रभिंत

समुद्राची पातळी वाढत असल्याची चर्चा सुरू झाली की दोन मते हटकून ऐकू येतात. किनाऱ्यावर भक्कम भिंत बांधली म्हणजे काळजीचे कारण उरणार नाही, असे एक मत. मानवजातीवर असा प्रसंग पूर्वी कधी आलाच नव्हता, तेव्हा उपाय तरी काय सुचणार, असे दुसरे. या दोन्ही मतांना भूमध्य समुद्राच्या तळाशी पडलेल्या दगडांच्या एका रांगेने उत्तर देऊन ठेवले आहे.

इस्रायलमध्ये हैफा शहराच्या दक्षिणेस, कार्मेल पर्वताच्या पायथ्याच्या किनाऱ्याजवळ, तेल ह्रेझ नावाचे नवाश्मयुगीन गाव पाण्याखाली आहे. 2012 आणि 2015 सालच्या हिवाळी वादळांनी तळाची वाळू हलवली आणि शंभर मीटरांहून अधिक लांबीची दगडी रांग उघडी पडली. एहूद गलिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 च्या डिसेंबरात आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. ही रांग म्हणजे सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ग्रामस्थांनी समुद्राला थोपवण्यासाठी घातलेली भिंत होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या प्रकारची याहून जुनी भिंत जगात ज्ञात नाही.

या भिंतीमागील श्रमांचा विचार करावा. तिच्यातील धोंडे दोनशे किलोपासून एक हजार किलोपर्यंत वजनाचे आहेत. ते गावातले नव्हेत. एक-दोन किलोमीटर अंतरावरील नद्यांच्या पात्रांतून आणलेले आहेत. चाकाच्या गाडीचा शोध त्या वेळी लागावयाचा होता. अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशी भिंत ही 'सार्वजनिक वस्तू' ठरते: ज्याने धोंडा ओढला त्याचे घर ती राखते, आणि ज्याने ओढला नाही त्याचेही. त्यामुळे ती एकट्यादुकट्याच्या हिशेबातून उभी राहत नाही. तिला सामुदायिक निर्णय लागतो. राजा नाही, लिपी नाही, कर नाही, अशा काळात एका खेड्याने तो घेतला, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि भिंत अखेर हरली. त्या काळी समुद्र वर्षाला चार ते सात मिलिमीटर या गतीने चढत होता, असे हे संशोधक सांगतात. म्हणजे तीस वर्षांत जेमतेम वीतभर. परंतु सरासरी पातळी वीतभर चढली की प्रत्येक वादळाची लाट पूर्वीपेक्षा आत येते. गाव सोडावे लागले. आज ती भिंत सुमारे तीन मीटर पाण्याखाली आहे.

याच किनाऱ्यावरील अतलित याम हे गाव याहून जुने, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे. ते आठ ते बारा मीटर खोल पाण्यात आहे. तेथील लोक गहू पिकवीत, गुरे-शेळ्या पाळीत आणि मासेमारीही करीत. काही पुरुषांच्या कवट्यांत कानाच्या मार्गात वाढलेले हाड आढळते. थंड पाण्यात वारंवार बुड्या मारणाऱ्यांचे ते लक्षण मानले जाते. या गावात साडेपाच मीटर खोल, दगडांनी बांधलेली विहीर सापडली. पुढे समुद्राचे पाणी झिरपून ती खारट झाली आणि लोकांनी तिच्यात हाडे व केरकचरा टाकावयास आरंभ केला. समुद्र गावात प्रथम लाटेच्या रूपाने शिरत नाही, तो विहिरीतून शिरतो. कोकणातील वाचकांना हे वेगळे सांगावयास नको.

या किनाऱ्यावरील वसाहतींची क्रमवारी पाहिली तर जितके गाव जुने तितके ते खोल, असे दिसते. समुद्र पुढे आला तशी वस्ती मागे सरकली. परंतु मागे सरकणे फुकट नव्हते. घराशेजारी पुरलेले पूर्वज मागे राहत. शेजारच्या कफर समीर या स्थळी ऑलिव्हचे तेल काढीत असल्याचा फार प्राचीन पुरावा मिळाला आहे. आणि ऑलिव्हचे झाड फळास यावयास वर्षे जातात. ते भांडवल पाठीवर टाकून नेता येत नाही. संपत्ती जसजशी जमिनीत रुतते, तसतसे हलणे महाग होते आणि भिंतीचा मोह वाढतो. तेल ह्रेझच्या भिंतीचा अर्थ हाच आहे. ती मूर्खपणाने बांधलेली नव्हती. तिने काही पिढ्यांना सवड मिळवून दिली असेल. मात्र सवड म्हणजे सुटका नव्हे.

आज जगातील समुद्रपातळी वर्षाला सरासरी चार मिलिमीटरांच्या आसपास वाढत आहे. म्हणजे गती त्या ग्रामस्थांच्या ओळखीचीच आहे. फरक मागच्या जमिनीत आहे. त्यांच्या पाठीमागे मोकळी भूमी होती; आपल्या पाठीमागे प्रत्येक गुंठ्याला मालक आहे. महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा कायदा 1979 साली झाला आणि कोकणातील बांध हा शासकीय जबाबदारीचा विषय बनला. ते योग्यच झाले. पण बांध कोठवर उंच करावयाचा आणि कोणत्या टप्प्यावर माणसांना सन्मानाने हलवावयाचे, हा प्रश्न बांधाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. ओडिशातील सातभाया येथील कुटुंबांचे 2018 साली बागापटिया येथे पुनर्वसन करावे लागले, तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे. ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला निदान भरपाईची भाषा तरी बोलता येते. मीठ, मासळी आणि मजुरी यांवर जगणाऱ्याने काय दाखवावे?

म्हणून भिंतीच्या खर्चाबरोबरच स्थलांतराच्या खर्चाचाही हिशेब आजच मांडला पाहिजे, आणि त्यात भूमिहीनांचा रकाना पहिला असला पाहिजे. किनाऱ्यावरील विहिरींच्या खारेपणाची नियमित नोंद ठेवणे हा त्याचा सर्वांत स्वस्त आरंभ होय. नवाश्मयुगीन माणसाजवळ मोजण्याचे साधन नव्हते. त्याच्याजवळ हलण्याची मोकळीक होती. आपल्याजवळ साधने आहेत, परंतु ती मोकळीक गरिबाला कायद्याने आणि तरतुदीने मिळवून द्यावी लागेल. ती न देता केवळ भिंत उंच करीत राहणे म्हणजे आपली देणी नातवंडांच्या नावे लिहून ठेवणे होय.