मेलेल्या गुरांची मोजदाद

“गुरे दगावली तर सरकार भरपाई देते, मग चिंता कसली?” असे गावोगावी सहज बोलले जाते. बोलणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. परंतु भरपाई केव्हा मिळते, किती मिळते आणि ती येईपर्यंत घर कशावर तगते, हे ज्याच्या गोठ्यातला खुंटा रिकामा झाला त्यालाच ठाऊक असते. याचा एक मोठा दाखला अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात २०१३ साली घडला. तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या राज्याच्या पश्चिमेस मीड नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग आहे. विस्ताराने ती राज्यात सर्वांत मोठी. वस्ती मात्र विरळ. मैलोगणती गवताळ माळ आणि त्यावर चरणारी गुरे हेच तेथील धन. ३ ते ५ ऑक्टोबर २०१३ या दिवसांत मीड व आसपासच्या काउंट्यांवर आधी थंड पाऊस कोसळला, व मागोमाग सोसाट्याच्या वाऱ्यासह बर्फ पडले. गुरे अजून उन्हाळी कुरणांतच होती. त्यांच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव आलेली नव्हती. भिजलेली जनावरे वाऱ्याला पाठ देऊन चालत राहिली आणि बर्फात बुजलेली कुंपणे ओलांडून घळींत व ओढ्यांत पडली. सरकारदरबारी सुमारे १४,००० गुरांची नोंद झाली. वासरे विकून वर्षाचा पैसा हाती यावयाचा, तो नेमका हाच हंगाम होता.

आपत्तीत मेलेल्या जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम देण्याची योजना अमेरिकेत २००८ च्या शेती कायद्याने आली होती. परंतु तिची मुदत ३० सप्टेंबर २०११ रोजी संपली होती, आणि नवा कायदा संसदेत अडकून पडला होता. त्यात भर म्हणजे अंदाजपत्रकाच्या वादामुळे १ ते १६ ऑक्टोबरपर्यंत केंद्र सरकारच्या बहुतेक कचेऱ्या बंद होत्या. माळावर मेलेली गुरे, आणि अर्ज घेणारा कोणी नाही!

तरीही ते लोक कपाळाला हात लावून बसले नाहीत. त्यांनी मेलेले प्रत्येक जनावर मोजले, छायाचित्रे घेतली, अंगावरचे डाग व कानातले बिल्ले पाहून मालक ठरविले, शेजाऱ्यांच्या व पशुवैद्यांच्या साक्षी लिहून ठेवल्या. आपल्याकडे पंचनाम्याचे जे मोल, तेच या कागदांचे. गुरेपालकांच्या संघांनी निधी उघडला. त्यात ५० लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. मोंटानासारख्या शेजारच्या राज्यांतील गुरेपालकांनी आपल्या कळपातल्या गाभण कालवडी पाठविल्या.

अखेर ७ फेब्रुवारी २०१४ रोजी नव्या कायद्यावर सही झाली. योजना कायमची झाली, आणि १ ऑक्टोबर २०११ पासूनचे नुकसानही तीत धरले गेले. १५ एप्रिलपासून अर्ज घेतले जाऊ लागले. म्हणजे वादळानंतर सहा महिन्यांनी! ज्यांनी हिशेब जपला होता, त्यांचे कागद त्या दिवशी उपयोगी पडले. तरी उरलेला चतुर्थांश तोटा मालकाचाच, आणि मेलेल्या गायीच्या पोटातल्या वासराला तेव्हाच्या नियमांत मोल नव्हते.

वाचकहो, आपली दावण दोन-चार जनावरांची असेल. पण तिच्यावरही घर चालते. म्हणून आमचे सांगणे इतकेच: गुरांची नोंद व बिल्ल्याचे क्रमांक लिहून ठेवा. जनावर आपत्तीत दगावले तर पुरण्यापूर्वी गावकामगारास व पशुवैद्यास कळवा आणि पंचनामा करून घ्या. आकडा खराच सांगा. एकाच्या खोट्या गाईपायी दहा खऱ्यांच्या अर्जावर संशय येतो. आणि शेजाऱ्याचा खुंटा रिकामा दिसला, तर सरकारच्या मदतीची वाट न पाहता त्याच्या घरी दूध पोहोचवा. कायद्याची मदत हक्काची असते, पण ती उशिरा येते. शेजाऱ्याला मात्र त्याच संध्याकाळी येता येते.