विश्लेषण : प्लायवूडची आयात घटली, पण लाकूड आले कुठून?

घरातल्या कपाटापासून स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीपर्यंत आज सगळीकडे प्लायवूड, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड दिसते. हा माल परदेशातून कमी येऊ लागला की देश स्वावलंबी झाला, असे आपण मानतो. जपान आणि चीन यांच्या प्लायवूड आयातीचा तीन दशकांचा प्रवास पाहिला, तर हा समज तपासून घ्यावा लागतो.

सुरुवात कुठे झाली?

इंडोनेशियाने १९८५ मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. लाकूड हवे तर तयार प्लायवूड घ्या, असे हे धोरण होते. १९९० च्या दशकात जपान आणि चीन हे दोघेही आग्नेय आशियातील प्लायवूडचे मोठे ग्राहक होते. आज दोघांचीही आयात तेव्हापेक्षा बरीच कमी आहे. वाटा मात्र वेगळ्या होत्या.

चीनने काय केले?

१९९८ मध्ये यांगत्से खोऱ्यात महापूर आला. त्यानंतर चीनने नैसर्गिक जंगलांतील तोडीवर कठोर निर्बंध आणले आणि १९९९ मध्ये ओंडक्यांवरील आयात शुल्क शून्य केले. शेतात वाढवलेल्या पॉप्लरच्या बळावर लिनयीसारख्या भागांत कारखाने उभे राहिले. २००१ च्या सुमारास प्लायवूडची निर्यात आयातीच्या पुढे गेली. पण कारखान्यांची भूक केवळ पॉप्लरने भागली नाही. आफ्रिका आणि रशियातून ओंडके येत राहिले. गॅबनने २०१० मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली, तर रशियाने २०२२ पासून सूचिपर्णी ओंडक्यांवर बंदी घातली. म्हणजे चीनमधली कुऱ्हाड दुसऱ्यांच्या जंगलात गेली होती.

जपान वेगळा कसा?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने डोंगरउतारांवर सुगी आणि हिनोकी या वृक्षांची मोठी लागवड केली. स्वस्त आयातीमुळे ही झाडे अनेक वर्षे पडून राहिली. पुढे बारीक, मऊ ओंडके सोलणारी यंत्रे आली आणि प्लायवूड कारखाने देशी लाकडाकडे वळले. एकूण लाकडातील देशी वाटा २००२ मध्ये सुमारे १९ टक्के होता. २०२० मध्ये तो ४० टक्क्यांच्या पुढे गेला. अर्थात, घरबांधणी कमी झाल्यानेही आयात घटली, हे विसरता येणार नाही.

भारताने काय घ्यावे?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर ईशान्येकडील अनेक प्लायवूड गिरण्या बंद पडल्या. हरियाणातील यमुनानगरसारखी केंद्रे शेतकऱ्यांच्या पॉप्लर-निलगिरीवर वाढली. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडके देणे बंद केले, तेव्हा परावलंबनाचा फटकाही बसला. आता प्लायवूड आणि बोर्डांसाठी बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. त्याने निकृष्ट आयात रोखता येईल, पण झाड उगवणार नाही.

प्रमाणपत्राचा आदेश एका दिवसात निघतो. पॉप्लर तयार व्हायला पाच-सात वर्षे लागतात. तेवढा काळ शेतकऱ्याने जमीन गुंतवायची, तर भावाची खात्री आणि तोड-वाहतुकीची सोपी परवानगी त्याला आधी मिळायला हवी. म्हणून यापुढे प्लायवूडच्या आयातीचा आकडा वाचताना शेजारी ओंडक्यांच्या आयातीचा आकडाही मांडावा. स्वावलंबनाचा खरा हिशेब त्या दोन्हींच्या बेरजेत आहे.