पेटी कुठे अडली?

देवगडच्या एखाद्या बागायतदाराने हापूसच्या पेट्या विकायला वेबसाइट काढली, की ती बनवून देणारा मुलगा जाता जाता गुगल अ‍ॅनालिटिक्सही जोडून देतो. मग आकडे दिसू लागतात: इतकी माणसं आली, इतकी पानं पाहिली. आलेख चढलेला दिसला की घरात बरं वाटतं. पेट्या मात्र तेवढ्याच जातात.

खोट आकड्यांत नसते. तयार रिपोर्टमध्ये प्रश्नही तयारच असतात, आणि ते देवगडातल्या कोणी विचारलेले नसतात. 'एंगेज्ड सेशन'चंच घ्या. भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली, दोन पानं उघडली गेली किंवा मालकाने महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती घडली, यातलं काहीही एक झालं की गुगलच्या लेखी ती भेट सत्कारणी लागली. पेटीचा भाव वाचून गार पडायलाही अकरा सेकंद लागतात.

बागायतदाराला कळायला हवं ते वेगळंच. पुण्याचं गिऱ्हाईक आंबा बघतं, पेटी कार्टमध्ये टाकतं, आणि मग जातं कुठे? त्यासाठी रिपोर्ट स्वतः बांधावा लागतो. ही सोय गुगलने 2008 सालीच दिली. आज ती 'एक्स्प्लोर' या विभागात सापडते. तिथल्या फनेलमध्ये चार पायऱ्या मांडायच्या: आंबा पाहिला, कार्टमध्ये टाकला, पैसे भरायला घेतले, खरेदी झाली. मग वाटणी कशी हवी ते सांगायचं, म्हणजे शहरानुसार की फोन-कॉम्प्युटरनुसार. याला डायमेंशन म्हणतात. जे मोजायचं ते मेट्रिक. शब्द जड आहेत, काम वाण्याच्या वहीतलंच आहे.

समजा, कार्टपर्यंत फोनवाले आणि कॉम्प्युटरवाले बरोबरीने येतात, पण पैसे भरायच्या पायरीवर फोनवाले निम्म्याहून जास्त गळतात. अशा वेळी जाहिरातीचा खर्च वाढवण्याआधी मालकाने आपल्याच फोनवरून एक पेटी मागवून पाहावी. पिनकोड टाकताना कीबोर्ड वर येतो आणि 'पुढे'चं बटण त्याच्याखाली झाकलं जातं, असलं काही रिपोर्ट सांगत नाही. तो फक्त पायरी दाखवतो. पण पायरी कळली की शोधायचं कुठे ते कळतं.

व्हॉट्सअ‍ॅपची गंमत आणखी निराळी. नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलेल्या लिंकवरून आलेलं गिऱ्हाईक बहुतेकदा 'डायरेक्ट'च्या खात्यात पडतं, जणू पत्ता पाठ करूनच आलं होतं. म्हणून लिंकच्या शेपटीला यूटीएमची खूण जोडावी. यातला 'यू' म्हणजे अर्चिन, सॅन डिएगोची छोटी कंपनी. गुगलने ती 2005 मध्ये विकत घेतली आणि तिच्याच सॉफ्टवेअरवर गुगल अ‍ॅनालिटिक्स उभं राहिलं. कंपनीचं नाव मागे पडलं, पण जगभरच्या जाहिरातींच्या लिंकांना ते अजून चिकटलेलं आहे. खूण नसेल, तर कितीही देखणा रिपोर्ट बांधा, व्हॉट्सअ‍ॅपची विक्री त्यात दिसायची नाही.

आता तक्रारीचा मुद्दा. एक्स्प्लोरमधल्या रिपोर्टसाठी लागणारा बारीक तपशील मूळ सेटिंगनुसार दोनच महिने जपला जातो. फुकटच्या आवृत्तीत तो चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येतो, पण ते आपण होऊन करावं लागतं. वर्षभर चालणाऱ्या दुकानाला दोन महिने कदाचित पुरतील. आंबा मात्र मार्च ते मे विकला जातो. पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या एप्रिलशी ताळा घालायला बसलेल्या माणसाला एकूण बेरजा मिळतील, पण कुठल्या शहरातले फोनवाले कुठल्या पायरीवर गळले ते मिळणार नाही. पुसलेला तपशील परत येत नाही. मोसमी धंद्यांच्या देशात ही मुदत पहिल्यापासूनच चौदा महिन्यांची असायला काय हरकत होती?

गुगलच्या मर्जीवर सगळी मदार ठेवण्यातला धोका तर दिसलाच आहे. जुनी आवृत्ती 1 जुलै 2023 पासून नवीन नोंदी घेईनाशी झाली, आणि वर्षभराने तिचे जुने आकडेही बंद झाले. ज्यांनी वेळेत ते उतरवून घेतले नाहीत त्यांच्या हाती काही राहिलं नाही. म्हणून मोसम संपला की फनेलचा रिपोर्ट उतरवून पेट्यांच्या हिशोबाच्या फाइलमध्येच ठेवावा, आणि पुढचा मोसम सुरू व्हायच्या आधी, डिसेंबरात, मुदतीचं ते सेटिंग एकदा उघडून पाहावं.