उपासाची पंगत

महाशिवरात्रीच्या आगेंमागें कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो. राखेच्या बुधवारीं कपाळास राख लावून त्याचा आरंभ होतो आणि ईस्टरच्या सणानें त्याची समाप्ति होते. मधले रविवार वगळले म्हणजे उपवासाचे दिवस बरोबर चाळीस भरतात. आपले मराठी ख्रिस्ती बांधव या दिवसांस प्रायश्चित्तकाळ असेंही म्हणतात. या काळांत अमेरिकेंतील पुष्कळ देवळांत एक चाल पाळली जाते. ती आमच्या वाचकांस, व त्यांतूनही चूल संभाळणाऱ्या भगिनींस, ठाऊक व्हावी असें आम्हांस वाटतें.

शुक्रवारीं सायंकाळीं देवळांत क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानांची प्रार्थना होते आणि मग मंडळी शेजारच्या सभागृहांत जमतात. तेथें मोठाल्या पातेल्यांतून डाळीचें, वाटाण्याचें किंवा भाज्यांचें सूप असतें व जोडीस पाव. मांस नाहीं, पक्वान्न नाहीं. पातेलीं आणण्याची पाळी घरोघर फिरते, त्यामुळें इतर घरांतील गृहिणीस त्या दिवशीं सुट्टी. दाराशीं एक पेटी ठेवलेली असते. घरीं पुरें जेवण केलें असतें तर जो खर्च झाला असता, त्यांतील वांचलेला पैसा तींत टाकावयाचा. 1975 सालीं पेनसिल्व्हेनियांतील ॲलनटाउन येथें या कामासाठीं घरोघर पुठ्ठ्याच्या पेट्या देण्याची प्रथा निघाली व पुढें ती देशभर पसरली. जमलेल्या रकमेचा एक चतुर्थांश स्थानिक गरिबांकरितां राहतो व बाकीचा परदेशांतील भुकेल्यांकडे जातो. जर्मनींत 1958 सालीं स्थापन झालेली मिसेरिओर ही संस्था व आपल्याकडील 1962 सालची कॅरिटास इंडिया ही संस्था, या दोघीही याच काळांत भुकेच्या निवारणार्थ वर्गणी गोळा करतात.

धर्माची सक्ति म्हणावी तर फारशी नाहीं. 1966 सालीं पोप सहावे पॉल यांनीं नियम सैल केले. तेव्हांपासून खरा उपवास राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोनच दिवशीं, आणि तोही एक पुरें जेवण व दोन वेळां अल्पाहार एवढाच. म्हणजे सुपाची पंगत ही नियमानें घडवलेली नव्हे, लोकांनीं आपण होऊन धरलेली आहे. आपल्या देशांत तिचें भावंडच पाहावयाचें तर केरळांत जावें. तेथें उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर देवळाच्या आवारांत सर्वांस तांदळाची कांजी व कडधान्याची उसळ वाढतात. तेंच त्यांचें सूप!

हें सारें ठीक, पण स्वारगेटच्या आसपास राहणाऱ्या आम्हां पुणेकरांस त्याचें काय, असें कोणी विचारील. स्वारगेटहून उत्तरेस गुरुवार पेठेंत पंचहौद मिशन आहे. तें कॅथॉलिक नव्हे, अँग्लिकन पंथाचें. 1890 सालीं तेथें व्याख्यानास गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहाबिस्किटें आलीं, त्यांचीं नांवें वृत्तपत्रांत छापलीं गेलीं, त्यांत टिळक होते, रानडे होते. आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. रानड्यांनीं 1892 मध्यें प्रायश्चित्त घेतलें. ज्या सवाई माधवरावांनीं 1792 मध्यें आपल्या फौजेंतील ख्रिस्ती शिपायांच्या देवळासाठीं क्वार्टर गेटजवळ जागा दिली, त्यांच्याच शहरांत शंभर वर्षांनीं एका पेल्याचा हा गाजावाजा! आणि आमचें उपासाचें ताट तरी कसें आहे? बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची हीं सर्व मूळचीं अमेरिकेचीं, युरोपीय दर्यावर्द्यांबरोबर इकडे आलेलीं. बटाटा हा शब्दच मुळीं पोर्तुगीज. सेलमकडून येणारा साबुदाणाही ज्या कंदाचा होतो तो अमेरिकेचाच. यांबद्दल कोणीं प्रायश्चित्त घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

परंतु आमचें खरें गाऱ्हाणें निराळें आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्याविषयीं केलेली आहे. एकत्र कुटुंबांत एकादशीचा दिवस म्हणजे दोन स्वयंपाक: वडील मंडळींस खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, मुलांस व उपास न करणाऱ्यांस नेहमींची पोळीभाजी. तूप, दाणे व फळें यांचा खर्च रोजच्याहून अधिक होतो, आणि जी सून स्वतः उपाशी असते तीच दोन्ही चुलींपुढें उभी राहते. पुण्य कोणाच्या खातीं जमा होतें तें चित्रगुप्त जाणे. श्रम कोणाच्या खातीं पडतात तें मात्र घरांतील सर्वांस दिसतें.

आपल्याकडे घांस राखून देण्याची चाल नव्हती असें मुळींच नाहीं. याच पुण्याच्या पेठांतून माधुकरी मागणारीं आणि वार लावून जेवणारीं मुलें शिकून मोठीं झालीं. 1909 सालीं निघालेलें अनाथ विद्यार्थी गृह त्याच पोटतिडिकेचें अपत्य. 1965 सालीं शास्त्रीजींनीं सोमवारचें सायंकाळचें जेवण सोडण्यास सांगितलें तेव्हां घरांनींच नव्हे, खाणावळींनींही तें मानलें. पुढें माधुकरी गेली, वार गेले. उपास तेवढा राहिला, आणि त्यांतून वांचलेलें धान्य कोणाकडेही जाईनासें झालें.

आमची सूचना लहानशी आहे. महिन्यांतील एका एकादशीस घरांत एकच पातेलें चढावें: वरीची पेज, किंवा ज्यांस सोवळ्याओवळ्याची अडचण नाहीं त्यांनीं तांदळाची पेज व मुगाचें कढण. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनीं तेंच घ्यावें. तान्हीं, आजारी व गरोदर बायका यांना अर्थात् मोकळीक. पातेल्यापाशीं त्या दिवशीं पुरुषांनीं उभें राहावें. वांचलेला पैसा एका डब्यांत पडावा, आणि गांवोगांवच्या एस. टी. गाड्यांतून स्वारगेटला उतरून पेठांतल्या खोल्यांत राहणाऱ्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या खाणावळीच्या बिलांत तो भरावा. हिशेबाची वही मुलांकडे द्यावी. गेल्या एकादशीस काय खर्च झाला व या एकादशीस काय, हे दोन आंकडे तीं एका पानावर शेजारीं शेजारीं मांडतील.